रिकामा ग्लास मिळणार नाही

पाण्याच्या बाटलीतून विमानात काहीतरी भयंकर नेता येतं, हे मला मान्य आहे. नियम करणाऱ्यांनी विचार करूनच नियम केला असणार. बाटली काढून घ्या, जरूर घ्या. पण एका माणसाच्या हातातलं पाणी काढून घेतल्यावर त्याला पुढे चार तास बसवून ठेवणार असाल, तर त्याच्या हातात दुसरं पाणी ठेवायची जबाबदारी कोणाची? एवढा साधा प्रश्न मी त्या दिवशी पाच माणसांना विचारला. पाचही जणांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी विमान कोण चालवणार असं विचारलंय. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझा राग काही उतरलेला नाही, आणि तो सगळाच त्यांच्यावर नाही, म्हणून हे लिहायला बसले.

माझे वडील नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर होते. आम्ही राहायचो तिथूनच दहा मिनिटांवरच्या कॉलनीत. आजूबाजूला सगळी आमच्यासारखीच बौद्ध घरं, कारखान्यातली, महापालिकेतली, एसटीतली माणसं. पहिली पाळी सुटायची दुपारी तीनला. नव्वदच्या दशकात सातपूरचे उन्हाळे काही फार सौम्य नव्हते. तीन वाजता गेटमधून बाहेर पडलेली माणसं बसथांब्यावर अर्धा अर्धा तास उभी असायची आणि जवळपास पाण्याचा थेंब नसायचा. चहाच्या टपरीवर चहा घेतला तरच ग्लासभर पाणी.

तर वडिलांनी थांब्याजवळच्या कडुनिंबाखाली पाणपोई सुरू केली. त्यांच्याच खात्यातले तिघेजण बरोबर होते. दोन रांजण आणले, त्यांना ओलं पोतं गुंडाळलं, वर चटईचं छप्पर केलं. दरवर्षी गुढीपाडवा झाला की पाणपोई लागायची आणि पाऊस सुरू झाला की उठायची. गावात अशा पाणपोया पुष्कळ होत्या. पण सगळीकडे एक पद्धत असायची: लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढायचं आणि वरून हातावर ओतायचं. पिणारा वाकून ओंजळ धरतो, ओतणारा ओततो. भांडी विसळायला नकोत, कोणाचं उष्टं कोणाला नको. सोयीचं काम.

आमच्या वडिलांच्या पाणपोईवर ओगराळं होतं, पण ते फक्त पेले भरायला. सहा स्टीलचे पेले. त्यांच्या काठाशी वडिलांनी स्वतः ड्रिलने भोकं पाडली होती आणि लांब साखळ्या अडकवल्या होत्या. पाणी मागायला कोणीही येवो, पेला त्याच्यासमोर विसळायचा, भरायचा आणि हातात द्यायचा. ओंजळीत ओतायचं नाही म्हणजे नाही.

यावरून भांडणं व्हायची. मी तेव्हा बी. कॉम.ला होते, कॉलेजमधून बसने परत यायचे आणि थांब्यावर उतरले की बरेचदा वडील कोणाशी तरी वाद घालताना दिसायचे. एकदा एक चांगल्या कपड्यांतला माणूस स्कूटर लावून आला आणि हात पुढे करून म्हणाला, "वाढा इकडे. पेलाबिला नको."

"पेल्यानंच प्या," वडील म्हणाले.

"अहो, दहा जणांनी तोंड लावलेलं असतं त्याला."

"धुतोय ना तुमच्यासमोर? वरून प्या, तोंड लावू नका. पन पेल्यानं प्या."

"हातावर ओतायला काय जातं तुमचं?"

"माझं लय जातं," वडील म्हणाले. "पेल्यानं प्यायचं नसंल तर घरी जाऊन प्या."

तो माणूस खरंच पाणी न पिता गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भर थांब्यावर, माझ्या दोन मैत्रिणींसमोर. पाणी पाजायला बसलाय ना तुम्ही, मग पाजा की! वर अटी कसल्या घालता? रविवारी ते पेले राखेने घासायचं काम माझ्याकडे असायचं, त्याचाही राग होताच. त्या रविवारी पेले घासता घासता मी बोलून मोकळी झाले. म्हटलं, "सगळं गाव हातावर ओततं. तुम्हालाच कसलं एवढं? पेले गेले की माझी कटकट जाईल आणि तुमची भांडणं जातील."

ते ओट्यावर बसून साखळीची कडी वाकवत होते. त्यांनी पक्कड खाली ठेवली. मग जे सांगितलं, ते त्यांनी आयुष्यात एकदाच सांगितलं. पुन्हा कधी विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यांचं गाव सायखेड्याच्या पलीकडे. नाव लिहीत नाही, कारण आज तिथे राहणाऱ्यांशी माझं भांडण नाही. शाळेत पाण्याचा माठ होता. आमच्या लोकांच्या पोरांनी माठाला हात लावायचा नाही. तहान लागली की उभं राहायचं आणि कोणीतरी येऊन वरून ओतेल याची वाट बघायची.

"धा वर्षाचा होईपर्यंत गावात मी भांड्यानं पानी प्यायलो नाय," ते म्हणाले. "हातानंच. ओतनारा वर, आपन खाली. त्याचं ध्यान दुसरीकडं गेलं, त्यानं हात थांबवला, की आपली तहान थांबवायची. मान वर करून बघायचं बी नाय. तसंच ओंजळ धरून बसायचं, परत ओतंल म्हनून."

एवढंच. मग त्यांनी पक्कड उचलली आणि कडी वाकवायला लागले. मी पेले घासले. त्या दिवसानंतर पेल्यांवरून मी एक शब्द काढला नाही.

त्यांच्याकडे एक फिरकीचा तांब्या होता. पहिला पगार झाला त्या दिवशी ते सातपूरहून थेट भांडी बाजारात गेले होते आणि हा पितळी तांब्या घेऊन आले होते. तोंडाला आटे पाडलेले, त्यावर फिरकीचं झाकण, आणि झाकण उघडलं की आत गळ्यात बसवलेला छोटा पेला. तो इतका घट्ट बसायचा, की तांब्या आडवा पडला तरी थेंब सांडायचा नाही. इगतपुरीला मामांकडे जायचं असो, की कोणाच्या लग्नाला मालेगावला, तो तांब्या बरोबर असायचाच. एसटीत शेजारच्याला पाणी हवं असलं, तर वडील आधी पेला भरून त्याला द्यायचे. पुढे सीबीएसच्या एसटी स्टँडवर पाण्याच्या सीलबंद बाटल्या विकायला आल्या, तेव्हा ते बराच वेळ त्या टपरीसमोर उभे राहिले होते. "हे विकत्यात?" एवढंच म्हणाले. आणि त्यांनी विकतचं पाणी कधी घेतलं नाही. अगदी हट्टाने नाही घेतलं. आमच्या घरात तांब्यातल्या पाण्याला 'बाबांचं पाणी' म्हणत. बाबांचं पाणी घेतलंस का, असं आई घरातून निघताना विचारायची.

आता त्या दिवसाकडे येते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आई नुकतीच गेली होती. वडील निवृत्त झाले होते आणि आदल्याच वर्षी त्यांचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की दर तासाला पाणी पोटात गेलं पाहिजे, हयगय केलीत तर परत खडा होईल आणि परत तेच भोगाल. वडिलांनी ते भोगलेलं होतं. लेथवर बोट कापलं तेव्हा 'आई' न म्हणालेला माणूस मुतखड्याच्या कळांनी घरभर लोळला होता. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत ते घड्याळ लावून वागायचे. धाकटा भाऊ उत्तरेकडे नोकरीला होता, त्याने नवीन घर घेतलं होतं आणि आम्हा दोघांना विमानाची तिकिटं पाठवली होती.

मी सरकारी कार्यालयात कारकून. एका प्रशिक्षणासाठी एकदा विमानाने गेले होते, त्यामुळे आमच्या घरात विमानाची तज्ज्ञ मीच. काय घ्यायचं, काय नाही, कुठे काय दाखवायचं, सगळं मी सांगत होते. निघायच्या सकाळी वडील खांद्याच्या झोळीत तांब्या ठेवायला लागले.

"बाबा, तांब्या नका घेऊ हातात. तिथे चालत नाही."

"का? पानीच हाय त्यात."

"पितळी आहे. मशीन वाजतं. उगाच सगळ्यांसमोर उघडून दाखवायला लावतील."

हे मी म्हटलं ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. पूर्ण खरं असं, की मला लाज वाटत होती. चाकांच्या बॅगा ओढणाऱ्या त्या माणसांमध्ये माझे वडील पितळी तांब्या काढून, फिरकी सोडवून, शेजारच्याला 'घ्या पाणी' म्हणताहेत, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मी म्हटलं, "पाहिजे तर मोकळा करून मोठ्या बॅगेत ठेवा. ती बॅग ते लोक आधीच घेतात. तुमच्यासाठी मी बाटली भरलीये."

"आनि आत पानी?"

"बाबा, विमानतळ आहे तो! पाण्याला काय तोटा?"

त्यांनी तांब्या झोळीतून काढला आणि मोठी बॅग घेऊन आतल्या खोलीत गेले. विषय संपला.

घाट उतरून विमानतळावर पोहोचेपर्यंत दुपार झाली. कोणता विमानतळ ते तुम्ही ओळखालच, पण मी नाव घेत नाही. एकाला नावं ठेवून दुसऱ्याला मोकळं सोडायची माझी इच्छा नाही. मोठी बॅग दिली. तपासणीच्या रांगेत आलो. जवानाने बाटलीकडे बोट दाखवलं. "पानी अंदर नहीं जाएगा. यहीं पी लो या डाल दो."

शेजारी एक मोठं निळं पिंप होतं. त्यात भरलेल्या बाटल्या. काही अर्ध्या, काही अगदी झाकण न उघडलेल्या. इतकं पाणी, की सातपूरच्या थांब्यावरची एक पाळी पिऊन सुटली असती. वडील त्या पिंपाकडे बघत राहिले. मग बाटली उघडून ते जमेल तेवढं पाणी प्यायले आणि उरलेलं घेऊन मागच्या माणसाकडे वळले. "घ्या हो, चांगलं पानी हाय. टाकायचं कशाला?" त्या माणसाने मान फिरवली. त्याच्या मागच्या बाईंनी पर्स छातीशी धरली. वडिलांनी इकडेतिकडे बघितलं. त्यांना झाड हवं होतं. आमच्या घरात उरलेलं पाणी झाडाच्या मुळाशी घालतात. कोपऱ्यात एक कुंडी होती, ते तिच्याकडे दोन पावलं गेलेही, पण ते झाड प्लास्टिकचं होतं.

रांग मागून ढकलत होती. मी त्यांच्या हातातून बाटली घेतली आणि पाण्यासकट पिंपात टाकली. "चला हो बाबा, आत मिळतं."

रिकामी बाटली आत नेता येते, हे मला माहीत नव्हतं. जवानाने सांगितलं नाही आणि तज्ज्ञबाईंनी विचारलं नाही.

आत गेलो आणि पाटीवर वाचलं, की विमानाला उशीर आहे. किती, ते लिहिलं नव्हतं. तासाभराने वडिलांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "बघ बरं पानी कुठं हाय."

पाणी होतं. 'पिण्याचे पाणी' अशी पाटीही होती, बाण दाखवणारी. बाणाच्या मागे मागे आम्ही दुकानं ओलांडत, अत्तरं ओलांडत, पार टोकाला स्वच्छतागृहांच्या भिंतीपाशी पोहोचलो. तिथे एक स्टीलचा कूलर उभा होता. शेजारी कागदी पेल्यांची नळी होती, ती रिकामी. कूलरचा नळ दाबायचा होता. दाबून धरला तर पाणी येतं, सोडला की बंद. पाणी वाया जाऊ नये म्हणून कोणीतरी डोकं चालवलं असणार. ज्याच्याकडे पेला आहे त्याला ठीक. एका हाताने दाबायचं, दुसऱ्या हाताने पेला धरायचा. ज्याच्याकडे नाही, त्याने एका हाताने नळ दाबायचा आणि दुसऱ्या पसरलेल्या तळव्यात किती पाणी राहतं ते बघायचं.

फरशी पुसणाऱ्या माणसाला विचारलं. तो बिचारा म्हणाला, "कप खतम. सुबह से बोला है."

मी खाण्याच्या दुकानात गेले. काउंटरवर कागदी पेल्यांचा मनोरा होता, हात लांब केला असता तर पोहोचला असता. म्हटलं, "एक रिकामा ग्लास द्या. वडिलांना पाणी प्यायचंय."

"खाली ग्लास नहीं मिलेगा, मॅडम. पानी की बॉटल ले लीजिए."

"मला बाटली नको. ग्लासाचे पैसे घ्या."

"ग्लास का बिल नहीं बनता."

म्हणजे पेला समोर आहे, मी पैसे द्यायला तयार आहे, पण त्याचं बिल बनत नाही म्हणून तो मिळणार नाही! मी विमान कंपनीच्या खिडकीवर गेले. तिथली मुलगी म्हणाली, कूलर आमचा नाही. सफाईच्या मुकादमाला गाठलं. तो म्हणाला, कूलर आमच्याकडे आहे, पण पेले दुसऱ्या कंत्राटात. मग चौकशीच्या टेबलावर गेले. तिथे बसलेली मुलगी मराठी बोलत होती, आणि तेवढ्यावर मला इतकं हायसं वाटलं, की मी तिला 'बाळा' म्हटलं. बाळा, माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालंय, त्यांना पाणी हवंय, एक पेला बघ ना.

"मॅडम, पाण्याची सोय आहे. कूलर आहे ना तिकडे."

"पेला नाही तिथे."

"मग हाताने प्यायचं ना," ती म्हणाली. अगदी हसून, प्रेमाने म्हणाली. "आपण लहानपणी नाही का प्यायचो, ओंजळीने?"

तिला काय माहीत असणार? काही नाही. तिच्या लहानपणी ओंजळ म्हणजे शेतावरची, सहलीची गंमत असेल. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी टेबलावर हात आपटला. तक्रारीचं पुस्तक मागितलं. ते साहेबांकडे होतं आणि साहेब जेवायला गेले होते.

परत आले तर वडील खुर्चीत पुढे वाकून बसले होते. एक हात कमरेवर. तोंड सुकलं होतं. दोन तास होऊन गेले होते. मी विचारलं, दुखतंय का? ते म्हणाले, "थोडं." ते 'थोडं' म्हणाले म्हणजे किती, ते मला ठाऊक होतं.

मी त्याच दुकानात गेले आणि निमूट पाण्याची बाटली विकत घेतली. त्यांच्यासमोर धरली.

"विकतची?"

"हो. प्या."

"नाय. फुकटचं पानी तिथं पडलंय, अन् विकतचं का म्हनून प्यायचं?"

"बाबा, ही वेळ आहे का?"

"तू म्हनलीस आत मिळतं. मंग मिळतं ना. मी नाय विकतचं पीत."

मी समजावलं. डॉक्टरांची आठवण दिली. आईची शपथ घातली, जी घालायला नको होती. ते हलले नाहीत. कमरेवर हात आणि मान आडवी. आणि माझं डोकं फिरलं. दिवसभर ज्या ज्या माणसावर राग आला होता, त्यातल्या एकाचंही मी काही वाकडं करू शकले नव्हते. जवान, दुकानवाला, खिडकीतली मुलगी, मुकादम, टेबलावरची पोरगी, सगळे आपापल्या जागी सुखरूप होते. माझ्या तावडीत सापडला तो एकच माणूस. मी ती बाटली शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात आदळली. ती तिथेच रिकामी करून कूलरवर भरून आणता आली असती, हे मला नाशिकला परतल्यावर सुचलं. एका दिवसात दोन बाटल्या मी स्वतःच्या हाताने फेकल्या होत्या.

आणि मग मी बोलले. चारचौघांत, मोठ्याने.

"नाही ना प्यायचं विकतचं? मग जा आणि प्या ओंजळीने! सगळं जग पितं. तुमच्याच हाताला काय एवढं सोनं लागलंय? एकदा ओंजळीने प्यायलात तर मरणार नाही तुम्ही!"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ओट्यावर पक्कड खाली ठेवताना बघितलं होतं, तसंच काहीसं. मग ते खुर्चीच्या हाताला धरून उठले आणि कूलरकडे चालायला लागले. मी मागे गेले.

त्यांनी झोळी खाली ठेवली. शर्टाच्या बाह्या दुमडल्या, नीट, दोन दोन घड्या घालून. वाकले. दोन्ही हात जोडून ओंजळ नळाखाली धरली. नळाला पाणी नव्हतं, कारण दोन्ही हात ओंजळीत होते.

"दाब," ते म्हणाले.

मी दाबला. पाणी आलं, ओंजळ भरली, त्यांनी तोंड खाली नेलं. एक ओंजळ, दुसरी ओंजळ. मनगटांवरून पाणी कोपरापर्यंत जात होतं. तेवढ्यात मागून कोणीतरी हात धुवायला आलं आणि 'एक्सक्यूज मी' म्हणालं. मी बाजूला व्हायला वळले, आणि माझा हात नळावरून सुटला. त्या माणसाशी मी काहीतरी बोलले, एक-दोन वाक्यं असतील. परत वळून बघितलं.

वडील तसेच होते. वाकलेले, ओंजळ धरलेली, रिकामी. मान खाली. वर करून बघितलं नव्हतं, 'दाब' म्हणाले नव्हते. वाट बघत होते.

मी नळ दाबला. किती वेळ दाबून धरला, ते आठवत नाही. ते प्यायले, मग त्यांनी रुमालाने हात पुसले, बाह्या उलगडल्या. "झालं," म्हणाले आणि झोळी उचलून खुर्चीकडे गेले. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. मला रडू आलं नाही. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

विमानात हवाई सुंदरीने पाण्याचा छोटा पेला दिला, तो वडिलांनी घेतला, मी घेतला नाही. उतरल्यावर सरकत्या पट्ट्याशी उभे राहिलो. आमची मोठी बॅग आली. ती मी ढकलगाडीवर ठेवली, तर वडील म्हणाले, "थांब. उघड ती."

"घरी जाऊन उघडू ना."

"उघड."

त्यांनी स्वतःच खाली बसून कुलूप काढलं. कपड्यांच्या मधोमध टॉवेलमध्ये गुंडाळलेला तांब्या होता. त्यांनी तो उचलला, तर आत पाणी डुचमळल्याचा आवाज झाला.

"बाबा, मोकळा ठेवा म्हटलं होतं ना मी?"

"मोकळा तांब्या प्रवासाला नेत नसतेत," ते म्हणाले. "तुझी आई नेऊ द्यायची का?"

म्हणजे आमच्या घरचं पाणी, सातपूरहून भरलेलं, काठोकाठ, दिवसभर आमच्याबरोबरच होतं. माझ्या लाजेने ते बॅगेत कोंडलं होतं.

त्यांनी फिरकी सोडवली. गळ्यातला छोटा पेला काढला. भोवती माणसं बॅगा ओढत होती, आमच्याकडे बघत होती. मी त्यांच्यासमोर फरशीवरच बसले. दिवसभरात मीही काही प्यायले नव्हते, हे त्यांनी पाहिलं होतं. ते तांब्या तिरका करायला लागले, तेव्हा मी दोन्ही हात जोडून पुढे केले. मलाही तसंच ओता, असं मला म्हणायचं होतं.

वडिलांनी तांब्या थांबवला. माझे हात एका हाताने खाली सारले. पेला काठापर्यंत भरला आणि माझ्या हातात दिला.

"पेल्यानं पी," ते म्हणाले.